सात नंबरची खेप

माजरघाट कॉलनीच्या खाली काहीतरी सरकतंय, हे प्रणोती उरकुडेला आठ डिसेंबरच्या सकाळी कळलं. ते कोणाच्या घराखाली सरकतंय, हे कळायला आणखी चार मिनिटं लागली.

चंद्रपूरच्या जमीन निरीक्षण केंद्रात ती सहा वर्षं काम करत होती. जिल्ह्यातल्या बंद पडलेल्या कोळसा खाणींवर लक्ष ठेवणं हे केंद्राचं काम. कोळसा काढून झाला, खाणी बंद झाल्या, पण त्यांच्यावर वसलेल्या वस्त्या तिथेच राहिल्या. खालची पोकळी कधी ढासळेल आणि वरचं घर कधी खचेल याचा नेम नसतो. म्हणून २०४० साली या वस्त्यांमधून माणसाच्या उंचीचे लोखंडी खांब बसवले गेले. माजरघाटला असे बेचाळीस खांब होते. जवळ उभं राहिलं की दर दहा सेकंदांनी आत बारीक ‘टक’ ऐकू यायची. कॉलनीतल्या माणसांना त्या आवाजाची इतकी सवय झाली होती, की वीज गेली आणि टकटक थांबली तर त्यांना चुकल्यासारखं व्हायचं.

प्रत्येक खांबात हवा काढून घेतलेली नळी होती आणि त्या नळीत एक छोटा आरसा वीतभर अंतर सरळ खाली पडायचा. पडताना तो कोणत्या क्षणी कुठे आहे, याची नोंद लेसर किरण हजारो वेळा करायचा. यंत्राला मोजता यायचं ते एवढंच: स्थान. सेकंदाच्या दहाव्या भागात आरसा ४.९ सेंटिमीटर खाली, त्याच्या दुप्पट वेळात १९.६ सेंटिमीटर खाली. वेळ दुप्पट, तर अंतर चौपट. म्हणजे स्थान वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतंय. त्या स्थानाचं एकदा विकलन केलं, म्हणजे ते क्षणाक्षणाला किती दरानं बदलतंय ते काढलं, की वेग मिळतो. वेगाचं पुन्हा विकलन केलं की त्वरण. आणि त्वरण हाती आलं की आरशाला कोण किती जोरानं ओढतंय ते कळतं, कारण ओढणाऱ्याची खूण स्थानात दिसत नाही, वेगातही दिसत नाही. ती फक्त त्वरणात दिसते.

खांबाखालच्या दगडात पोकळी असेल, तर पृथ्वीची तिथली ओढ अब्जात दोन-चार भागांनी कमी पडते. बेचाळीस खांबांची त्वरणं एकत्र मांडली की ती पोकळी कुठे आहे आणि किती खोल आहे, हे हातभराच्या फरकानं सांगता येतं.

आठ डिसेंबरला पडद्यावर एक पोकळी होती. जमिनीखाली एकोणनव्वद मीटर. आदल्या आठवड्यात ती त्र्याण्णव मीटरवर होती. म्हणजे ती वर येत होती.

यातही तसं नवल नव्हतं. जुन्या खाणीचं छत पडतं, त्या जागी वर नवी पोकळी होते, मग तिचं छत पडतं. अशा पोकळ्या पायरीपायरीनं वर चढतात. पण दगड फुटला की फुगतो. फुटलेल्या दगडाला पहिल्यापेक्षा तिसऱ्या हिश्शानं जास्त जागा लागते, त्यामुळे वर चढणारी पोकळी आपल्याच भुग्यानं भरत जाते आणि पंधरा-वीस मीटरांवर थांबते. शिवाय ती धक्क्याधक्क्यानं चढते. महिना महिना काही नाही, मग एका दुपारी एकदम तीन मीटर.

ही पोकळी धक्के देत नव्हती. प्रणोतीनं मागच्या नोंदी काढल्या. सुरुवात आठ नोव्हेंबरला, अठ्ठ्याण्णव मीटर खोलीवर. दहा दिवसांत एक मीटर वर. वीस दिवसांत चार. तीस दिवसांत नऊ. तिनं स्थानाचा आलेख काढला आणि त्याचं दोनदा विकलन केलं. त्वरणाची रेघ पट्टी ठेवून आखावी तशी आडवी सरळ आली. रोजच्या वेगात रोज दोन सेंटिमीटरची भर, ना कमी ना जास्त.

तिचे वरिष्ठ घरोटे सर खुर्ची ओढून शेजारी बसले आणि बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले.

“दगड असा पडत नाही,” ते म्हणाले.

“नाही.”

“वर कोणाचं घर आहे?”

“सतरा नंबर,” प्रणोती म्हणाली. “माझ्या बाबांचं.”

*

देवाजी उरकुडे बाहत्तर वर्षांचे होते. खाण चालू असताना ते सरदार होते. पाळी आत जाण्याआधी सरदारानं पुढे जायचं, हातातल्या काठीनं छत वाजवून बघायचं, घट्ट दगडाचा आवाज आला तरच मागच्या माणसांना बोलवायचं. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत. प्रणोतीनं चंद्रपूरला या म्हणून किती वेळा सांगितलं असेल, ते आले नाहीत.

ती पोचली तेव्हा ते स्वयंपाकघराच्या फरशीवर उकिडवे बसले होते.

“काय करून राहिले बाबा?”

“काही नाही. फरशी गार लागते इथं.” ते गुडघ्यावर हात टेकून उठले. “तू आज कशी? सुट्टी आहे?”

तिनं सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर ते म्हणाले, “कधीपासून म्हणतेस?”

“आठ नोव्हेंबर.”

त्यांनी चहाचं भांडं गॅसवरून उतरवलं आणि परत तिथंच ठेवलं.

आठ नोव्हेंबर एकोणीसशे नव्व्याण्णव. हे प्रणोतीलाही ठाऊक होतं. माजरघाटला वाढलेल्या कोणालाही ते ठाऊक असतं. त्या दिवशी सात नंबरच्या भागात छत पडलं आणि पाच माणसं पलीकडे अडकली. नऊ दिवसांनी तो भाग कायमचा बांधून बंद केला. माणसं आतच राहिली. त्या पाळीचे सरदार बाबा होते आणि छत पडलं तेव्हा ते टेकू मागवायला बाहेर आलेले होते, एवढं तिला आईकडून कळलं होतं. बाबा त्याबद्दल कधीच बोलले नव्हते.

“चाल कशी आहे त्याची?” त्यांनी विचारलं.

“सारखी वाढते. रोज तेवढीच.” तिनं मोबाईलवर आलेख दाखवला. “हे स्थान. हा वेग. हे त्वरण. महत्त्वाचं हे तिसरं.”

“ते काय सांगतं?”

ती उदाहरण शोधायला लागली, पण तेवढ्यात ते स्वतःच म्हणाले, “खाणीत उतरायच्या पिंजऱ्यात बसलं की वेग कळत नाही, बेटा. अंधार असतो, भिंत दिसत नाही. पिंजरा किती जोरात चालला आहे, काही पत्ता लागत नाही. सुटतो तेव्हा कळतं आणि थांबायला येतो तेव्हा कळतं. पोटात कळतं. तेच न हे?”

“तेच,” ती म्हणाली. इतक्या वर्षांत कोणी तिला त्वरण इतकं नीट समजावून सांगितलं नव्हतं.

“मग हा सुटला आहे,” बाबा म्हणाले.

*

गणित सोपं होतं. त्वरण असंच राहिलं तर पोकळी नव्व्याण्णवाव्या दिवशी, पंधरा फेब्रुवारीला, जमिनीपर्यंत पोचणार होती आणि तेव्हा तिचा वेग दिवसाला दोन मीटरांच्या आसपास असणार होता. केंद्रानं कॉलनी रिकामी करायचं ठरवलं. तीनशे बारा घरं. नव्या वसाहतीत खोल्या तयार होत्या. लोक कुरकुर करत गेले, गाड्यांवर कपाटं आणि तुळशीची कुंडी ठेवून. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत माजरघाटला बाबांशिवाय कोणी उरलं नाही. त्यांना पोलीस पाठवून काढायचं बोलणं चाललं होतं. “मी आणते त्यांना,” प्रणोती सरांना म्हणाली. “मला थोडा वेळ द्या.”

ती रोज जाऊ लागली. रिकाम्या रस्त्यांवर फक्त खांबांची टकटक. आधी ती गर्दीत विरघळून जायची. आता ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू येत होती. बाबा रोज आकडा विचारायचे आणि ती सांगायची. चाळीस मीटर चढली. बेचाळीस. पंचेचाळीस. कोणी गावाकडून निघालंय आणि आता कुठपर्यंत आलं, असं विचारावं तसं ते विचारत.

अठरा जानेवारीला तिला पडद्यावर काही वेगळं दिसलं नाही. पोकळी जवळपास पन्नास मीटर चढली होती, स्थानाचा आलेख आदल्या दिवसासारखाच वर चालला होता. वेगाचा आलेखही वरच होता, फक्त टोकाला किंचित बोथट. तिनं तिसरा आलेख उघडला. त्वरणाची सरळ आडवी रेघ सतरा तारखेला तुटली होती. अधिक दोन सेंटिमीटरवरून एका दिवसात ती उणे दोनवर आली होती आणि तिथून पुन्हा पट्टीनं आखल्यासारखी आडवी चालू होती.

सत्तर दिवस. एकोणपन्नास मीटर. बरोबर निम्मी वाट.

पोकळीचा वेग आता कमी होत जाणार होता, ज्या दरानं तो वाढला होता त्याच दरानं. तिनं कागदावर मांडलं, मग यंत्राकडून करून घेतलं, मग पुन्हा कागदावर. एकशे चाळिसाव्या दिवशी, अठ्ठावीस मार्चला सकाळी अकराच्या सुमारास वेग शून्य होत होता. आणि ज्या क्षणी तो शून्य होत होता, त्याच क्षणी खोलीही शून्य होत होती. पोकळी अलगद येऊन सतरा नंबरच्या फरशीला टेकणार होती.

तिनं हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी मोबाईल हातात घेतला आणि तिसरा आलेख डोळ्यांजवळ नेला.

“ही पिंजऱ्याची चाल आहे,” ते म्हणाले. “पांडुरंग इंजिनवाला होता आमचा, पिंजरा ओढायचं इंजिन चालवायचा, तो असाच आणायचा. निम्म्यापर्यंत वाढवत, निम्म्यानंतर उतरवत. वर पोचला की पाण्याचा ग्लास हलणार नाही. माणसं भरलेली असली की असाच आणतात. कोळसा असला की नाही आणत असं.”

प्रणोतीनं काहीतरी शास्त्रीय बोलायचा प्रयत्न केला. खडकातला ताण, पाण्याचा दाब. बोलता बोलता तिचं तिलाच ते खोटं वाटलं.

“बस इथं,” बाबा म्हणाले. “तुझ्या आईलाही नाही सांगितलं मी हे.”

छत पडल्यावर सहा दिवस पलीकडून ठोकण्याचे आवाज येत होते. पाच ठोके, थांबून पुन्हा पाच. आपण पाच आहोत, जिवंत आहोत. इकडून उत्तर तीन ठोक्यांचं द्यायचं असतं: ऐकलं, येतोय. बचावाची माणसं उत्तर देत होती, खणत होती. सातव्या दिवशी पलीकडे आग लागल्याचा वास आला आणि वायू वाढायला लागला. खणणारी साठ माणसं होती. साहेब म्हणाले, सरदार, तू एकटा पुढे जा, कान लाव. आवाज असेल तर खणू, नसेल तर आजच भिंत बांधू.

“मी कान लावला,” बाबा म्हणाले. “पाच ठोके होते. हळू होते, पण होते. मी मागं पाहिलं. साठ माणसं उभी होती, त्यात माझा भाऊही होता. मी येऊन सांगितलं, काही ऐकू येत नाही.”

बाहेर खांबात आरसा पडला. टक.

“मी उत्तरही नाही दिलं. तीन ठोके दिले असते तर ते वाट पाहत राहिले असते. म्हणून नाही दिले.” त्यांनी मोबाईल तिच्या हातात परत दिला. “भिंत दोन दिवसांनी पुरी झाली. मग मी साहेबांना सांगून हे घर मागून घेतलं. सात नंबरच्या बरोबर वर. कारण कोणी विचारलं नाही.”

मग ते म्हणाले, “नेमकी तारीख सांग. वर पिंजरा आला की सरदारानं तिथं उभं राहायचं असतं. एकेकाचं नाव घेऊन उतरवायचं असतं.”

प्रणोतीनं त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर असं काही होतं जे तिनं लहानपणापासून कधी पाहिलं नव्हतं. ते वाट पाहत होते, आणि त्या वाट पाहण्यात भीती नव्हती. त्या क्षणी तिला फक्त एवढंच दिसत होतं, की अठ्ठावीस तारखेला या फरशीखाली अठ्ठ्याण्णव मीटर चढून काहीतरी येऊन उभं राहणार आहे आणि त्यावर तिचा बाप उभा असणार आहे.

“तीस मार्च,” ती म्हणाली.

*

सत्तावीसला ती त्यांना नागपूरला घेऊन गेली. मोतीबिंदूची तपासणी होती, तारीख तिनं महिन्याभरापूर्वीच घेऊन ठेवली होती. “तिसाच्या आत आणते परत,” तिनं सांगितलं आणि त्यांनी विश्वास ठेवला. पिशवीत त्यांनी इस्त्री केलेला, खाणीतल्या कामावरचा खाकी शर्ट घेतला होता. परत आल्यावर घालायला वेळ मिळाला नाही तर, म्हणून.

अठ्ठाविसाला सकाळी ते दवाखान्याच्या बाकावर डोळ्यांत औषध घालून, डोळे मिटून बसले होते. ती शेजारी बसून मोबाईल पाहत होती. खोली मिलिमीटरचा दहावा भाग. मग विसावा. अकरा वाजून सहा मिनिटांनी तिन्ही आकडे एकदम शून्य झाले. स्थान शून्य, वेग शून्य, त्वरण शून्य.

“काय वाजले?” बाबांनी डोळे न उघडता विचारलं.

“अकरा.”

“पोटात कसंतरी होतंय,” ते म्हणाले. “थांबल्यासारखं.”

केंद्रातून घरोटे सरांचा फोन आला. कॅमेऱ्यात घर जसंच्या तसं उभं होतं. फरशीला तडासुद्धा नव्हता. जमीन खचली नव्हती. सर हसत होते, मागे कोणीतरी टाळ्या वाजवत होतं. प्रणोती आकड्यांकडे बघत राहिली. तासभर झाला, दुपार झाली, संध्याकाळ झाली. शून्य, शून्य, शून्य. त्या रिकाम्या घराखाली ते नुसतं थांबून होतं.

दुसऱ्या दिवशी, अकरा सहाला, त्वरण शून्यावरून उणे दोन झालं. स्थान अजून तेच होतं. संध्याकाळपर्यंत ते एक मिलिमीटरही बदललं नाही. पण ते निघालं होतं.

तीस तारखेला तिनं बाबांना माजरघाटला आणलं. त्यांनी खाकी शर्ट घातला, केस ओले करून विंचरले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. दहा वाजले, अकरा वाजले. साडेअकराला ते खाली बसले आणि फरशीवर तळहात ठेवला.

“गार नाही,” ते म्हणाले.

मग त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं होतं ते ओरडतील. तिनं त्यासाठी काय बोलायचं ते ठरवूनही ठेवलं होतं.

“कधी आले होते?”

“परवा.”

“किती वेळ थांबले?”

“एक दिवस,” प्रणोती म्हणाली. “पूर्ण एक दिवस, बाबा.”

त्यांनी मान हलवली. शर्टाची बटणं एकेक करून काढली, शर्ट नीट घडी करून पिशवीत ठेवला आणि म्हणाले, “चल. तुझ्या घरी जाऊ.”

*

ते तिच्याकडे राहायला आले. जेवत, पेपर वाचत, विचारलं तेवढ्याचं उत्तर देत. आकडा मात्र त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही. एप्रिलमध्ये केंद्रानं सतरा नंबरच्या अंगणातून खाली भोक पाडून दगड काढला. एकसंध निघाला, एकही तडा नाही. त्या दगडातून अठ्ठ्याण्णव मीटर खोलवरची पोकळी वर येऊन परत निघाली होती, हे मानायला कोणी तयार नव्हतं. यंत्रं चुकली असावीत असा अहवाल तयार झाला. यंत्रं तोवर पोकळीला उतरताना बघत होती, आली होती त्याच चालीनं. सोळा ऑगस्टला ती तळाशी जाऊन थांबली.

पुढच्या आठवड्यात प्रणोती नव्या वसाहतीत सुगंधाबाई आत्रामांकडे गेली. त्यांचा नवरा मोतीराम त्या पाचांतला एक. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या, आता अडुसष्ट. दारात बसून त्या सुपात तांदूळ पाखडत होत्या.

प्रणोतीनं सातव्या दिवसाबद्दल सांगितलं. मग अठ्ठावीस मार्चबद्दल सांगितलं, तारीख आपण खोटी सांगितली हेही. सूप एकदा थांबलं आणि पुन्हा चालू झालं.

“त्रेचाळीस वर्षं तुझा बाप माझ्या दारावरून खाली मान घालून गेला,” सुगंधाबाई म्हणाल्या. “माणूस कायले अशी मान घालते, हे मले तेव्हाच समजलं होतं. तोंडानं सांगितलं असतं तर शिव्या तरी देता आल्या असत्या.”

“मावशी, चूक माझीही आहे. त्या दिवशी तिथं कोणीच नव्हतं.”

“मी होती न.”

प्रणोतीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

“नाल्याकडून वाट आहे. पोलिसाले नाही दिसत,” सुगंधाबाई म्हणाल्या. “तुमच्या घराच्या मागं कडुनिंबाखाली बसली. सकाळपासून पाय सांगून राहिले होते, चल म्हणून. अकराच्या सुमाराले जमीन गार झाली. अशी गार, जशी खाणीच्या तोंडाशी हवा येते तशी.”

“काही आवाज आला?”

“आवाज नाही, माय. विचारणं आलं. सरदार कुठं आहे, म्हणून.”

“कोणी विचारलं?”

“एकाचं नव्हतं ते.” त्यांनी सुपातला खडा वेचून बाजूला टाकला. “मी सांगितलं, नाही आहे. पोरीनं नागपूरले नेलं, डोळे दाखवाले.”

“पण तुम्हाला कसं माहीत? मी कोणालाच सांगितलं नव्हतं.”

“मले नव्हतं माहीत,” सुगंधाबाई म्हणाल्या. “सांगता सांगता समजलं.”

दूरवर कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

“मग ते काय म्हणाले?”

“बरं म्हणाले. त्याचा राग नाही म्हणाले. पण तो आला नाही तर आम्ही उतरू कसे, नाव कोण घेईल? दुसऱ्या खेपेले येतो म्हणाले.” त्यांनी सूप पुन्हा हलवलं. “मी दुसऱ्या दिवसापर्यंत बसूनच होती तिथं.”

“आणि मोतीरामकाका? ते काही बोलले?”

सुगंधाबाईंच्या तोंडावर पहिल्यांदाच हसू आलं. “तो कायले बोलन? तो आधीही चारचौघांत माझ्याशी बोलत नव्हता.”

बसस्टॉपवर येऊन प्रणोतीनं मोबाईल काढला. पंचवीस ऑगस्ट. स्थान अठ्ठ्याण्णव मीटर, आठवडाभर जे होतं तेच. वेग दशांशाच्या कितीतरी घरांपर्यंत शून्य. तिसरा आकडा मात्र बदलला होता. अधिक दोन सेंटिमीटर. बदलाची वेळ बारा वाजून चाळीस मिनिटं. त्या वेळी ती सुगंधाबाईंच्या दारात बसून आपण खोटं बोललो हे सांगत होती.

तिनं हिशोब केला. एकशे चाळीस दिवस. तिला वाटलं, हे केंद्राला कळवायला हवं. मग वाटलं, घरोटे सर परत अहवाल लिहितील. तिनं मोबाईल बंद केला आणि आलेल्या बसमध्ये चढली.

बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. तिनं दुसरी खुर्ची आणली, समोर ठेवली आणि बसली.

“बाबा, ते सुटले आहेत.”

त्यांनी पेपर खाली ठेवला.

“बारा जानेवारी,” ती म्हणाली. “दुपारी बाराच्या नंतर, पाऊणच्या सुमारास.” आणि तिनं मोबाईल त्यांच्या हातात दिला. “तुम्हीच पाहा. माझं ऐकू नका.”

त्यांनी चष्मा लावला. पहिला आलेख पाहिला नाही, दुसराही नाही. तिसऱ्यावर बोट ठेवून बराच वेळ बसले. खाली रस्त्यावरून शाळेची गाडी गेली.

“मी त्र्याहत्तरचा होईन तोवर,” ते शेवटी म्हणाले. “असेन किंवा नसेन.”

“असाल.”

“मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही, ते कोणत्या आलेखात येत नाही.” त्यांनी चष्मा काढला. “मी नसलो तर तू उभी राहशील?”

अठ्ठ्याण्णव मीटर दगडातून कोणी येतं आणि त्याला नावानं बोलवायचं असतं, हे तिच्या कोणत्याही पुस्तकात नव्हतं. फरशी गार होईल. कोणीतरी काहीतरी विचारेल. तिला भीती वाटली, खरी, पोटातली.

“राहीन,” ती म्हणाली.

“मग पाठ कर. पाच आहेत. याच क्रमानं घ्यायची, मागच्याचं आधी घेतलं तर पुढचा उतरत नाही.” ते खुर्चीत सावरून ताठ बसले. “मोतीराम लच्छू आत्राम. शेख हबीब शेख गफूर. गणपत डोंगरे. रामअवध निषाद. पोचय्या मल्लय्या दासरी.”

प्रणोतीनं नावं म्हटली. पाचवं तिनं पोचम म्हटलं. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं, पोचय्या, नीट, सावकाश, असं दोनदा म्हणून दाखवलं आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.